दहावीचं जीवशास्त्र: पाठ करण्याआधी मोजून घ्या

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. त्यातले १० गुण एका गुणाच्या प्रश्नांना, ४ शास्त्रीय कारणांना, ६ दोन-दोन गुणांच्या लहान प्रश्नांना, १५ तीन-तीन गुणांच्या पाच प्रश्नांना आणि ५ एका मोठ्या प्रश्नाला. निव्वळ व्याख्या पाठ करून गेलेल्या मुलाच्या पदरात पहिले दहा गुण पडतात. उरलेले तीस प्रक्रिया कळली आहे की नाही यावर ठरतात, आणि बहुतेक मुलं घसरतात ती तिथेच.

प्रक्रिया कळली का, हे तपासायला वहीच्या पानावर चार रकाने आखा: कुठे घडतं, आत काय जातं, बाहेर काय येतं, आणि किती. पुस्तक मिटून चारही रकाने भरता आले तर तो भाग तयार झाला. "किती" हा रकाना रिकामा राहिला तर बाकीचे तीन फक्त पाठ झालेले आहेत असं समजा. जीवशास्त्रात आकडेमोड नसते, या समजुतीने फार नुकसान होतं. इथे कार्बनचे अणू मोजावे लागतात, गुणसूत्रं मोजावी लागतात, संततीचं प्रमाण काढावं लागतं. आणि हिशेब जुळला की उत्तर आपोआप सुचतं.

धडे कोणत्या क्रमाने घ्यावेत? पुस्तकात आनुवंशिकता पहिली आहे. तरी उजळणी दुसऱ्या धड्यापासून, म्हणजे श्वसन आणि पेशीविभाजनापासून सुरू करा. मग तिसरा, प्रजननाचा. मग पहिला, आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. त्याला लागूनच पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान. हे चार धडे म्हणजे गुणसूत्रांचा एकच प्रवास आहे. विभाजन नीट कळल्याशिवाय उत्परिवर्तन (जनुकात अचानक होणारा बदल) कळत नाही, आणि उत्परिवर्तन कळल्याशिवाय नैसर्गिक निवड हे नुसतं वाक्य राहतं. सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरण, हरित ऊर्जा, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती हे धडे वाचून समजण्यासारखे आहेत. त्यांना शेवटचे आठ-दहा दिवस पुरतात.

श्वसन: ३८ चा हिशेब

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६ अणू असतात. या सहा अणूंचा माग सोडायचा नाही.

ग्लुकोज-विघटन पेशीद्रव्यात होतं, तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) नाही. सहा कार्बनचा एक रेणू तुटून तीन कार्बनचे पायरुविक आम्लाचे २ रेणू तयार होतात. या टप्प्यात एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे ४ रेणू तयार होतात, पण सुरुवातीला २ खर्च झालेले असतात, म्हणून निव्वळ कमाई २ एटीपी. शिवाय एनएडीएच२ या ऊर्जा पुढे वाहून नेणाऱ्या पदार्थाचे २ रेणू मिळतात. इथवर ऑक्सिजनची गरज पडलेली नाही, हे वाक्य ठळक लिहून ठेवा.

पुढे पायरुविक आम्ल तंतुकणिकेत जातं. तिथे प्रत्येक रेणूतला एक कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि दोन कार्बनचं ॲसिटिल-को-एन्झाइम-ए उरतं. दोन रेणूंचे मिळून २ कार्बन डायऑक्साइड आणि २ एनएडीएच२. मग क्रेब चक्र. एका ग्लुकोजमागे ते दोनदा फिरतं आणि त्यातून ४ कार्बन डायऑक्साइड, ६ एनएडीएच२, २ एफएडीएच२ (हाही तसाच वाहक) आणि २ एटीपी मिळतात. कार्बन मोजा: आधीचे २ आणि हे ४, झाले ६. ग्लुकोज पूर्ण संपला. हिशेब जुळला नाही तर मधला एखादा टप्पा गळला आहे.

शेवटी इलेक्ट्रॉन स्थानांतरण साखळी, तीही तंतुकणिकेतच. ऑक्सिजन प्रत्यक्ष वापरला जातो तो इथे, आणि पाणी तयार होतं तेही इथे. दहावीच्या पुस्तकाप्रमाणे प्रत्येक एनएडीएच२ मागे ३ एटीपी आणि प्रत्येक एफएडीएच२ मागे २ एटीपी. एनएडीएच२ एकूण २ + २ + ६ = १०, त्यांचे ३०. एफएडीएच२ दोन, त्यांचे ४. थेट मिळालेले २ + २ = ४. बेरीज ३८. वरच्या वर्गाच्या पुस्तकांत हा आकडा ३० ते ३२ दिसतो, कारण तिथे प्रत्येक एनएडीएच२ मागे अडीच आणि एफएडीएच२ मागे दीड एटीपी धरतात. दहावीच्या पेपरात ३८ च लिहा.

या हिशेबातून शास्त्रीय कारणाचं उत्तर कसं तयार होतं ते बघा. "अतिव्यायामानंतर थकवा जाणवतो" हा दोन गुणांचा प्रश्न. उत्तर तीन वाक्यांत बसतं: जोरदार व्यायामाच्या वेळी स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो. त्यामुळे स्नायूपेशी विनॉक्सिश्वसनाकडे (ऑक्सिजनशिवायच्या श्वसनाकडे) वळतात, एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी मिळतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. ऊर्जा कमी आणि लॅक्टिक आम्ल साठलेलं, म्हणून थकवा येतो. बहुतेक मुलं "ऊर्जा संपते" एवढंच लिहून एक गुण घालवतात. कारण लिहिताना पदार्थाचं नाव आणि तो कशामुळे तयार झाला हे दोन्ही यायलाच हवं.

विनॉक्सिश्वसन डोळ्यांनी बघायचं असेल तर खर्च फारसा नाही. आदल्या रात्री पानठेल्यावरचा साधा चुना चमचाभर घेऊन अर्धा लिटर पाण्यात ढवळून ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी, म्हणजे चुन्याची निवळी, हलक्या हाताने वेगळं करा आणि बाटलीचं झाकण घट्ट लावा. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच वर साय धरते. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात लगेच धुवा.

दुसऱ्या एका बाटलीसाठी २०० मिली पाणी पाच मिनिटं उकळा, म्हणजे त्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. पाणी झाकून कोमट होऊ द्या, साधारण ३५ अंश सेल्सिअस. बोटाला किंचित ऊब लागली पाहिजे, चटका नाही. त्यात दोन चमचे साखर आणि एक चमचा सुकं यीस्ट हलकेच मिसळा. वरून अर्धा सेंटिमीटर जाडीचा खाद्यतेलाचा थर द्या, म्हणजे हवा आत जाणार नाही. झाकणाला भोक पाडून औषधांच्या दुकानात मिळणारी सलाइनची नळी बसवा. नळीचं आतलं टोक तेलाच्या वर मोकळ्या जागेत राहू द्या, भोकाभोवती मेण लावा आणि दुसरं टोक चुन्याच्या निवळीत बुडवा. नळी कुठे दुमडलेली किंवा तुंबलेली नको, नाहीतर बाटलीत दाब वाढतो. काही मिनिटांत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुरू होतात आणि त्याने निवळी दुधाळ होते. शेवटी झाकण उघडलं की अल्कोहोलचा वास येतो.

बिघडतं कुठे? पाणी फार गरम असलं की यीस्ट मरतं. फसलेल्या प्रयोगाचं पहिलं कारण हेच असतं. यीस्टचं पाकीट फोडून महिनोन्‌महिने पडलेलं असलं तर बुडबुडे येतच नाहीत. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात गारठा पडला की विकरांचं काम मंदावतं. तेव्हा बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. आणि नळी खूप वेळ बुडवून ठेवली तर दुधाळ झालेली निवळी पुन्हा नितळ होते. त्यात काही चुकलेलं नसतं. आधी तयार झालेलं न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं.

पेशीविभाजन: लोकरीने करून बघा

सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनातला फरक तक्ता पाठ करून डोक्यात राहत नाही. दोन रंगांची लोकर घ्या, लाल आणि निळी. लाल म्हणजे आईकडून आलेली गुणसूत्रं, निळी वडिलांकडून. प्रत्येक रंगाचे १२ सेंटिमीटरचे दोन आणि ६ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. सारख्या रंगाचे आणि सारख्या लांबीचे दोन तुकडे एकत्र धरून मध्यावर पांढऱ्या दोऱ्याची सैलसर गाठ मारा. गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू, दोन तुकडे म्हणजे दोन अर्धगुणसूत्रं. आता तुमच्याकडे चार गुणसूत्रं आहेत: लांब लाल, लांब निळं, आखूड लाल, आखूड निळं. फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढा, ती पेशी.

आधी सूत्री विभाजन. पूर्वावस्थेत गुणसूत्रं आखूड आणि जाड होऊन दिसू लागतात, केंद्रकावरण आणि केंद्रकी नाहीशी होऊ लागते, तारककेंद्रं दोन ध्रुवांकडे सरकतात. मध्यावस्थेत चारही गुणसूत्रं एकाखाली एक, एकाच रांगेत वर्तुळाच्या मध्यावर ठेवा. तुर्कतंतू गुणसूत्रबिंदूला जोडलेले असतात. पश्चावस्थेत गाठी सोडा आणि प्रत्येकाचं एकेक अर्धगुणसूत्र विरुद्ध टोकांकडे ओढा. ओढताना तुकडा मध्यावर धरून ओढा, म्हणजे त्याची टोकं मागे वळलेली दिसतील. आकृतीत हा आकार असाच आला पाहिजे. सरळ काड्या काढल्या तर ती पश्चावस्था वाटत नाही. अंत्यावस्थेत दोन्ही टोकांना चार-चार गुणसूत्रं, भोवती नवं केंद्रकावरण. इथे प्रकलविभाजन संपतं आणि जीवद्रव्याचं, म्हणजे परिकलविभाजन सुरू होतं: प्राणीपेशीत बाहेरून आत जाणारी खाच, वनस्पतीपेशीत मध्यभागी तयार होणारं पेशीपटल. गुणसूत्रं चाराची चारच राहिली.

गाठी पुन्हा मारून अर्धगुणसूत्री विभाजन करा. या वेळी लांब लाल आणि लांब निळं शेजारी-शेजारी ठेवा, आखूडांचीही तशीच जोडी लावा. या सजातीय जोड्या. लांब जोडीतल्या एका लाल आणि एका निळ्या तुकड्याची ३ सेंटिमीटरची टोकं कापून आपसात बदला आणि बांधून टाका. हे जनुकीय विचरण. आता जोड्याच्या जोड्या मध्यावर ठेवा आणि गाठी न सोडता अख्खी गुणसूत्रं वेगळी करा. प्रत्येक बाजूला २ गुणसूत्रं गेली. संख्या इथेच, पहिल्या भागातच निम्मी झाली. दुसऱ्या भागात दोन्ही पेशींतल्या गाठी सोडून अर्धगुणसूत्रं वेगळी करा: चार पेशी, प्रत्येकीत २ गुणसूत्रं. रंग नीट बघा, चौघींतली एकही दुसरीसारखी नसेल.

गुणसूत्रं मोजायचा नियम सोपा: गाठी मोजा. एक गुणसूत्रबिंदू म्हणजे एक गुणसूत्र, त्याला अर्धगुणसूत्र एक असो की दोन. म्हणूनच सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत पेशीतली संख्या क्षणभर दुप्पट होते, माणसाच्या पेशीत ४६ ची ९२. बहुपर्यायी प्रश्नात इथेच गोंधळ उडतो. हाताशी लोकर आहे तोवर आणखी एक करा: पहिल्या भागात आखूड जोडी वेगळी न करता दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला टाका. एका युग्मकात (प्रजननपेशीत) एक गुणसूत्र जास्त, दुसऱ्यात एक कमी. माणसात २१ व्या जोडीच्या बाबतीत असं झालं की ४७ गुणसूत्रं होऊन डाऊन्स सिंड्रोम होतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर कांद्याच्या मुळाची स्लाइड नक्की करा. कांद्याची वाळलेली जुनी मुळं खरवडून काढा आणि कांदा पाणी भरलेल्या पेल्यावर असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. उन्हाळ्यात हे चुकलं की मुळं सडतात. चार-सहा दिवसांत मुळं २-३ सेंटिमीटर झाली की सकाळी ८ ते १० च्या सुमारास टोकं कापा आणि १ भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल व ३ भाग इथाइल अल्कोहोलच्या मिश्रणात २४ तास ठेवा. मग एक टोक स्लाइडवर घेऊन ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब आणि असिटोकार्मिनचे २-३ थेंब टाका, स्पिरिटच्या दिव्यावर धरून फक्त ऊब द्या, उकळू देऊ नका. ५ ते १० मिनिटांनी जास्तीचा रंग टिपा. टोकाकडचा गडद रंगलेला २-३ मिलिमीटर भाग ठेवून बाकीचा टाकून द्या. पाण्याचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद आणि पेन्सिलच्या बोथट टोकाने हलके ठोके. ही सगळी रसायनं शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळायची.

सूक्ष्मदर्शकात लांबुळक्या पेशी दिसल्या आणि एकही विभाजन सापडलं नाही तर तुम्ही टोकाच्या वरचा, नुसता लांबीत वाढणारा भाग घेतला आहे. पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर ठोके कमी पडले. आणि टोक बरोबर असूनही बहुतेक पेशींत अखंड गोल केंद्रकच दिसेल. ते तसंच असतं. कोणत्याही क्षणी फार थोड्या पेशी विभाजत असतात. कांद्याच्या कायिक पेशीत १६ गुणसूत्रं असतात, एखाद्या सुटसुटीत मध्यावस्थेत ती मोजून बघा.

सिकलसेल: एका अक्षरापासून कुटुंबापर्यंत

विदर्भात सिकलसेल हा शब्द घराघरात माहीत आहे. नववीत तो आनुवंशिक विकार म्हणून येतो, दहावीत उत्परिवर्तनाचं उदाहरण म्हणून. आमच्या मते पहिल्या धड्यातला प्रथिन संश्लेषणाचा भाग शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही, कारण डीएनएतल्या एका अक्षरापासून (ए, टी, जी, सी ही त्याच्या चार घटकांची अक्षरं) निघून थेट माणसापर्यंत पोचता येतं.

प्रतिलेखन केंद्रकात होतं. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावरून पूरक एमआरएनए (डीएनएचा संदेश नेणारा आरएनए) तयार होतो: सी समोर जी, जी समोर सी, टी समोर ए, आणि ए समोर यू. आरएनएत टी नसतो. पेपरात सर्वाधिक होणारी चूक हीच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका ठिकाणी सी-टी-सी ही तिकडी असते. तिचा एमआरएनए जी-ए-जी. हा संकेत ग्लुटामिक आम्लाचा. सिकलसेलमध्ये मधल्या टी च्या जागी ए येतो: सी-ए-सी, म्हणून एमआरएनए जी-यू-जी, आणि हा संकेत व्हॅलिनचा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यांपैकी फक्त सहावं बदललं.

एमआरएनए केंद्रकाबाहेर येऊन रायबोझोमवर जातो. प्रत्येक टीआरएनएवर एमआरएनएच्या संकेताला पूरक तिकडी असते आणि तो ठरावीक अमिनो आम्ल आणतो, हे भाषांतरण. एक तिकडी वाचून झाली की रायबोझोम एमआरएनएवर एका तिकडीएवढं पुढे सरकतं, हे स्थानांतरण. तीन प्रक्रिया, तीन वेगळी वाक्यं. एकातच गुंडाळली तर गुण जातात. चार अक्षरांपासून तीन-तीन अक्षरांच्या तिकड्या ४ × ४ × ४ = ६४ होतात. त्यांतल्या ६१ अमिनो आम्लांसाठी आणि ३ थांबण्यासाठी. अमिनो आम्लं २० च असल्याने एकाच आम्लाला अनेक संकेत असतात. हे संकेत उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खुराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

एका अमिनो आम्लाने काय बिघडतं? ऑक्सिजन कमी झाला की बदललेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे तीव्र वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्तक्षय. शरीरातलं पाणी कमी झालं तरी त्रास उसळतो. नागपूरच्या मे महिन्यात या रुग्णांनी पाणी पीत राहणं किती गरजेचं आहे हे यावरून कळेल.

आता आनुवंशिकता. सामान्य जनुक "ए", बदललेलं "एस". ए-ए निरोगी, ए-एस वाहक, एस-एस पीडित. चार घरांचा चौकोन काढा. वर आईची युग्मकं, डावीकडे वडिलांची. दोघेही वाहक असतील तर घरांत ए-ए, ए-एस, ए-एस, एस-एस येतात: २५ टक्के निरोगी, ५० टक्के वाहक, २५ टक्के पीडित. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर अर्धे ए-ए, अर्धे ए-एस, आणि एकही पीडित नाही. एक वाहक व एक पीडित असेल तर अर्धे वाहक, अर्धे पीडित. तीनही चौकोन स्वतः काढा.

२५ टक्के याचा अर्थ "चार मुलांपैकी नेमकं एक" असा घेऊ नका. ती प्रत्येक गरोदरपणातली स्वतंत्र शक्यता आहे. पहिलं मूल पीडित असलं तरी दुसऱ्याची शक्यता तेवढीच राहते. हा आजार संसर्गाने होत नाही, हेही उत्तरात यायला हवं. सोल्युबिलिटी चाचणीत रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. व्यक्ती वाहक आहे की पीडित, हे इलेक्ट्रोफोरेसिसने (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीने) ठरतं. म्हणून पहिली चाचणी सकारात्मक आली की दुसरी करावीच लागते. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाली, उद्दिष्ट २०४७ चं आहे. आणि घरात कुणाला सिकलसेल असेल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. वाहक असणं हा आजारही नाही आणि दोषही नाही.

नैसर्गिक निवडीचं उदाहरणही यातच आहे. वाहकांना गंभीर हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळतं. त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे "एस" जनुक समाजात टिकून राहिलं.

संत्रा आणि कापूस

उदाहरणं द्यायला परदेशात जायची गरज नाही. नागपुरी संत्र्याची कलमं करताना संत्र्याचा डोळा जंभेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर बांधतात. झाड एकच, पण मुळांच्या पेशींत जंभेरीची जनुकं आणि वरच्या फांद्यांत संत्र्याची. म्हणून फळ संत्र्याचंच येतं. शाकीय प्रजननात संतती मातृवनस्पतीसारखीच का, याचं कारण सूत्री विभाजन. तिथे जनुकीय विचरण होत नाही.

कापसाचं उदाहरण दोन धड्यांत चालतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचं जनुक कापसात घातलं की पानाबोंडांत असं प्रथिन तयार होतं, जे बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात विषारी ठरतं. माणसाच्या जठरात आम्ल असतं, ही तुलना उत्तरात जरूर लिहा. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीत प्रतिकारक्षमता आली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात मोठं नुकसान झालं. विषाने अळ्या "सवयीने" घट्ट झाल्या असं लिहू नका, तो लामार्कचा, म्हणजे सवयीने आलेला बदल पुढच्या पिढीत जातो असा विचार झाला. काही अळ्यांत प्रतिकाराचं जनुक आधीपासून होतं, त्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली. ही नैसर्गिक निवड. बीटीबरोबर थोडा बिगर-बीटी कापूसही लावायला सांगतात तो याचसाठी: त्यावर वाढलेल्या, प्रतिकार नसलेल्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होत राहिला की प्रतिकारक जनुकाचा जोर वाढत नाही.

प्राण्यांचे वर्गीकरण

हा धडा नावं घोकून संपत नाही. प्रत्येक प्राण्याला पाच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारा: शरीराचं संघटन कोणत्या पातळीचं, सममिती कोणती, आद्यस्तर (भ्रूणातले मूळ पेशीथर) किती, देहगुहा (शरीरभित्ती आणि आतली इंद्रियं यांमधली पोकळी) आहे का, शरीर खंडीभूत आहे का. चपट्या कृमींना देहगुहा नाही, गोल कृमींना फसवी, आणि वलयी प्राण्यांपासून पुढे सत्य देहगुहा. पावसाळ्यात अंगणात निघणारं गांडूळ वलयी, भिंतीवरची गोगलगाय मृदुकाय, विंचू आणि झिंगा दोन्ही संधिपाद. झिंग्याला मत्स्य वर्गात आणि वटवाघळाला पक्षी वर्गात टाकण्याची चूक दरवर्षी होते. हृदयाचे कप्पे लक्षात ठेवा: मासे २, उभयचर ३, पक्षी आणि सस्तन ४, सरीसृपांत सर्वसाधारणपणे अपूर्ण विभागलेलं, पण मगरीत पूर्ण ४.

नागपुरात असाल तर १८६३ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयातलं, म्हणजे अजब बंगल्यातलं प्राण्यांचं दालन किंवा महाराजबाग, यांपैकी एके ठिकाणी वही घेऊन जा. दहा प्राणी निवडा, आणि पाच प्रश्नांची उत्तरं पाटी न वाचता लिहा.

उत्तरपत्रिका

१२० मिनिटं अशी वाटा: पहिला प्रश्न १२ मिनिटं, दुसरा ३०, तिसरा ५०, पाच गुणांचा १५. उरलेली १३ तपासायला. तीन गुणांच्या उत्तरात तीन वेगळे मुद्दे हवेत. एकच मुद्दा सहा ओळींत लांबवला तर गुण एकच मिळतो. फरक लिहा म्हटलं की समोरासमोर एकाच निकषाचे मुद्दे लिहा. डावीकडे "कायिक पेशीत होते" आणि उजवीकडे "चार पेशी बनतात" असं लिहिलं तर तो फरक होत नाही.

आकृती पेन्सिलने, निदान पाव पान भरेल एवढी. नावांच्या रेषा पट्टीने, आडव्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. शक्यतो सगळी नावं उजव्या बाजूला, एकाखाली एक. रेषेचं टोक त्या भागाला टेकलं पाहिजे, आसपास अधांतरी नको. मध्यावस्थेच्या आकृतीत केंद्रकावरण काढू नका, ते तोवर नाहीसं झालेलं असतं. मूळ पेशीत चार गुणसूत्रं दाखवली असतील तर चारही अवस्थांच्या आकृत्यांत तोच हिशेब पाळा. शेवटच्या तेरा मिनिटांत तीनच गोष्टी बघा: आरएनएच्या उत्तरात चुकून टी राहिला आहे का, प्रत्येक प्रक्रियेपुढे ती कुठे घडते ते लिहिलं आहे का, आणि आकृतीतल्या गुणसूत्रांची संख्या जुळते का.